मेटामटेरियल मायक्रोवेव्हसाठी अमेरिका की युरोप?

भावा, शिवाजी विद्यापीठातून फिजिक्सचं एम.एस्सी. झालं की मेटामटेरियलच्या (नक्षी कापून साध्या पदार्थात न मिळणारे गुण आणलेल्या) रचना वापरून हाय पॉवर मायक्रोवेव्ह तयार करण्यावर पीएचडी करायची, आणि त्यासाठी अमेरिका गाठू की युरोप, असं तू विचारलंयस. मी मूळचा कोल्हापूरचा, आता याच क्षेत्रात अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला. जमेल तेवढं सांगतो.

देश ठरवण्याआधी पैसा कुणाचा ते बघ. अमेरिकेत यातलं बरंचसं काम संरक्षण खात्याच्या निधीवर उभं राहिलंय. 2012 साली तिथल्या हवाई दलाच्या संशोधन विभागानं न्यू मेक्सिको, एमआयटी, ओहायो स्टेट अशा काही विद्यापीठांना मिळून मोठा प्रकल्प दिला, आणि विषयाला खरी गती आली. विद्यापीठातलं जे काम उघड छापलं जातं, त्यात परदेशी विद्यार्थ्याला सहसा अडचण नसते. पण तोच प्रोफेसर दुसरा एखादा प्रकल्प फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी चालवत असेल, तर त्या दाराच्या आत तुला पाऊल टाकता येत नाही. म्हणून पहिल्याच मेलमध्ये विचार: माझी असिस्टंटशिप (पगारी संशोधन साहाय्यकाची जागा) कुठल्या निधीतून, आणि लॅबमधलं मशीन मला हाताळता येईल का? यात लाजायचं काही नाही. आणि हो, अर्जात 'हाय पॉवर मायक्रोवेव्ह' असे शब्द दिसले की व्हिसा तपासणीत अडकू शकतो. हातात वेळ ठेव.

ब्रिटनला ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइडमध्ये चांगलं काम चालतं, पण आपल्याला अशा विषयांना व्हिसाच्या आधी 'एटास' ही सुरक्षा तपासणीची मंजुरी लागते. जर्मनीत कार्ल्सरुहला जायरोट्रॉन (मोठ्या पॉवरच्या मायक्रोवेव्ह नळ्या) आहेत, तो पैसा फ्यूजनचा, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या संशोधनाचा. मेटामटेरियलचा हट्ट नसेल तर मला तीच वाट सरळ वाटते.

आता हट्ट असेल तर नीट समजून घे. मायक्रोवेव्हच्या लाटेला एरवी वाटच मिळणार नाही इतक्या अरुंद वेव्हगाइडमध्ये (लाट वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीत) नक्षी कापलेल्या धातूच्या पट्ट्या बसवल्या की लाट चालू लागते, आणि तीही उलटी: फेज (लाटेचे चढउतार) इलेक्ट्रॉन बीमबरोबर पुढं, ऊर्जा मागं, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या गनच्या दिशेनं. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत 65 एमईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा 45 नॅनोकुलोंब विद्युतभाराचा एकच गुच्छ अशा रचनेतून सोडला, तर 11.4 गिगाहर्ट्झला 25 मेगावॅटपर्यंत पॉवर मिळाली. योग्य अंतरानं दोन गुच्छ सोडल्यावर 80 मेगावॅट. हे काम 2019 मध्ये छापून आलं. पल्स मात्र दोनच नॅनोसेकंदांची. पल्स लांबवली की नक्षीच्या बारीक कडांवर विद्युत फील्ड एकवटतं आणि ब्रेकडाउन होतं, म्हणजे ठिणगी पडते. कमी पॉवरला चालणारी सर्किट बोर्डावरची मेटामटेरियलं इथं टिकत नाहीत, सगळं धातूचंच लागतं. बहुतेकांची पीएचडी इथंच खर्च होते.

म्हणूनच म्हणतो, नुसतं सिम्युलेशन शिकून येऊ नको. शिरोलीच्या एमआयडीसीत ओळख काढून वायरकट मशीनवर (तारेच्या ठिणगीनं धातू कापणाऱ्या) काम कसं होतं ते बघ, कडा घासून बघ. व्हॅक्यूम आणि ब्रेझिंग (धातूचे भाग वितळलेल्या धातूनं जोडणं) शिकण्यासाठी पिलानीच्या सीरी या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेत किंवा गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत प्रोजेक्ट मिळतो का ते पाहा. हातानं काम केलेला माणूस आमच्या लॅबला लई लागतो.

जेवणाचंही विचारलंयस. इथली हिरवी मिरची झकास, पण पांढऱ्या रश्शाचं नाव काढू नको. मेलचा मसुदा झाला की इथंच टाक, बघून देतो.