फळी कमी का भरली? प्लाय कटिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठ बाय चारच्या प्लायमधून एकेक फूट रुंदीच्या चार फळ्या दुकानातच कापून घेतल्या. तीन बरोबर बारा इंच भरल्या, चौथी मात्र अकरा इंच पाच सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). दुकानदाराने मापात मारलं का? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नाही, तुमची मापंच तसं सांगतात. चार फळ्यांना तीन काप लागतात आणि मोठ्या मशीनचं ब्लेड दर कापाला साधारण एक सूत, म्हणजे ३ मिमीच्या किंचित वर, लाकडाचा भुसा करतं. अठ्ठेचाळीस इंचांतून छत्तीस इंच आणि तीन सूत गेले की अकरा इंच पाच सूतच उरतात. पण कापायला घेण्याआधी ही वजाबाकी तुम्हाला सांगणं दुकानाचं काम होतं, तेवढी तक्रार रास्त आहे.

पुढच्या वेळी फळी ३०० मिमीची सांगा. शीटची रुंदी १२२० मिमी असते. चार फळ्यांचे १२०० आणि दोन्ही कडा तासून घेतल्या तर पाच कापांचे १६, असे १२१६ होतात.

मापं तोंडी कधीच सांगू नका. चिठ्ठीवर आधी जाडी, मग लांबी, मग रुंदी, मग नग लिहा, आणि सगळं मिलिमीटरमध्येच. फूट, इंच, सेंटिमीटर एकाच कागदावर आले की घोळ ठरलेला. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा बहुतेक शीटमध्ये आठ फुटांच्या बाजूने जातात. फळीची लांबी त्याच दिशेने ठेवा. रेषांना आडवी कापलेली फळी पुस्तकांच्या वजनाने लवकर वाकते. कडेला पट्टी बसवणार असाल तर तिची जाडी चिठ्ठीतच वजा करा.

सारख्या रुंदीच्या पट्ट्या मशीनची गाइड, म्हणजे माप धरणारी पट्टी, न हलवता सलग कापून घ्या. पहिला तुकडा निघाला की तिथेच टेप लावून दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर काटकोन चुकलाय, तेव्हाच थांबवा. पॅनेल सॉवर, म्हणजे शीट कापायच्या मोठ्या मशीनवर, एखाद्या मिलिमीटरचा फरक चालवून घ्यावा, तीन-चारचा नाही. चिठ्ठीत एक आणि कापलं भलतंच, असं झालं तर माल बदलून मागा. ‘कापलेला माल परत घेणार नाही’ ही पाटी दाखवून दुकानाला हात झटकता येत नाहीत. चुकीचं कापून देणं ही सेवेतली त्रुटी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

प्रश्न : जुन्या वाड्याची सागवानी चौकट कापून द्यायला दुकानातल्या मुलाने नकार दिला. दुप्पट पैसे देऊ केले तरी ऐकेना. (वाचक, वाई)

उत्तर : त्याने बरोबर केलं. जुन्या चौकटीत डोकं तुटलेले खिळे आत राहतात, वरून दिसत नाहीत. फिरतं ब्लेड त्यावर आपटलं की दात तुटून गोळीसारखा उडतो. शिवाय जुनं लाकूड पिळलेलं असतं, टेबलावर सपाट बसत नाही. कापता कापता खाच मिटून ब्लेड आवळलं जातं आणि अख्खा तुकडा कापणाऱ्याच्या अंगावर फेकला जातो. चौकट लोहचुंबक फिरवून तपासा, खिळे उपटा, एक अंग आणि एक कड रंध्याने सपाट करा, मग वखारीतल्या पट्टा करवतीवर न्या. फूटभरापेक्षा लहान तुकडे कापून देत नाहीत, तेही हात ब्लेडजवळ जातो म्हणूनच. लांब पट्टी कापून आणा आणि घरी हातकरवतीने तोडा.

प्रश्न : सनमायका लावलेली शीट कापली की कड फुटते. (वाचक, मिरज)

उत्तर : दात ज्या बाजूने बाहेर पडतो ती बाजू फुटते. टेबलवरच्या मशीनला खालची, हातातल्या कटरला वरची. म्हणून दिसणारी बाजू टेबलवर वर ठेवा, हातकटरला खाली. दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर खालून आधी बारीक खाच पाडणारं छोटं ब्लेड असलेलं मशीन शोधा. ते नसेल तर जास्त दातांचं, धार असलेलं ब्लेड आणि कापाच्या रेषेवर मास्किंग टेप.

प्रश्न : दुकानात कटिंग सुरू करतोय. कामगारांना काय नियम घालू? (दुकानदार, कराड)

उत्तर : मशीनवर हातमोजे नकोत, ते ब्लेडमध्ये ओढले जातात. कडं, मनगटातला दोरा, सैल बाह्यांचंही तेच. चष्मा आणि कान झाकणं सक्तीचं करा. धुळीसाठी मास्क हवाच, साधा रुमाल नाही. लाकडाच्या धुळीची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक म्हणून केली आहे. हात ब्लेडपासून वीतभर अंतरात येणार असेल तर ढकलकाठी वापरायची. कापाची खाच मिटू न देणारी ब्लेडमागची पाचर आणि वरचं कव्हर काढून काम करणाऱ्याला मशीनवरून उठवा, कितीही जुना असला तरी. ब्लेड बदलताना नुसता स्विच नव्हे, प्लग काढायचा.

जमिनीवर पिवळी रेघ मारा आणि गिऱ्हाईक तिच्या अलीकडेच थांबेल हे बघा. माप लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवा, सही घ्या, मगच मशीन चालू. काय कापत नाही आणि एका कापाचे किती पैसे, हे काउंटरवरच लावा. कामगाराला मात्र कापावर पैसे देऊ नका, महिन्याचा ठरावीक पगार द्या. नगावर पैसे मिळू लागले की ढकलकाठी भिंतीलाच टेकलेली राहते.