'फुटेज खाणे' मधलं फुटेज

प्रश्न असा आहे : 'फुटेज खाणे' हा वाक्प्रचार कुठून आला? त्यातल्या फुटेजचा फूट पडण्याशी काही संबंध आहे का? आणि त्याला मराठी शब्द वापरता येईल का?

फूट पडण्याशी संबंध नाही. हा फूटपट्टीतला फूट. मैलावरून माइलेज, तसं फुटावरून फुटेज. म्हणजे फुटांत मोजलेली लांबी. मूकपटांच्या काळापासून फिल्म फुटांवर मोजली जाई. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, आणि हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटांचं. संकलकाच्या टेबलावर सिंक्रोनायझर नावाचं दातेरी चाक असे. त्याचा परीघच एक फूट, कडेवर १ ते १६ आकडे. चाक एकदा फिरलं की एक फूट फिल्म सरकली. निगेटिव्हच्या कडेला दर फुटाला क्रमांक असे, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि त्यावरूनच मूळ निगेटिव्ह कापायची.

हा हिशोब कळला की जुन्या जाहिरातीही तपासता येतात. 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) जाहिरात '५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांब चित्र' अशी केली होती म्हणतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे साधारण ३,५६० फूट. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट सांगतात, म्हणजे छायाचित्रांचा आकडा बराचसा खरा. दोन मैल मात्र निव्वळ जाहिरात; पाऊण मैलही भरत नाही!

तर पडद्यावरची लांबी मोजकी, फिल्म महाग, आणि त्यातले जास्त फूट जो नट स्वतःकडे ओढतो तो फुटेज खातो. माझ्या मते वाक्प्रचाराचा उगम इथेच आहे. नंतर तो सेटवरून कॉलेजच्या कट्ट्यावर आला आणि 'त्याला फार फुटेज देऊ नकोस' इथवर पसरला. १९५६ मध्ये ॲम्पेक्स या अमेरिकी कंपनीने व्हिडिओटेप यंत्र आणलं, १९८९ मध्ये ॲव्हिड या कंपनीने संकलन संगणकावर नेलं. आता मोजमाप टाइमकोडमध्ये, तास-मिनिटं-सेकंद-फ्रेम. फूट गेले, फुटेज राहिलं.

मराठी शब्दाचं म्हणाल तर बातमीत 'सीसीटीव्ही चित्रण' छान चालतं, माझी पसंती त्यालाच. पण 'त्याने सगळं चित्रण खाल्लं' म्हणून पाहा. लोक विचारतील, पेन ड्राइव्ह गिळला का?