सगळे राजकारणी सारखेच आणि खरी सत्ता पडद्यामागच्यांकडे असते, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. मी पण आधी असंच म्हणायचो, पण 2022 नंतर मत जरा बदललं.

मुंबईचं बघा. 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि वॉर्डरचनेच्या वादात निवडणूक लटकली ती थेट जानेवारी 2026 पर्यंत. तोवर 227 नगरसेवक घरी, महापौर नाही, स्थायी समिती नाही आणि आयुक्तच प्रशासक. म्हणजे 2023-24 चं 52 हजार कोटींच्या वरचं बजेट आयुक्तांच्या प्रशासनानेच बनवायचं आणि प्रशासक म्हणून मंजूर पण आयुक्तांनीच करायचं 😀 आता आयुक्त कोण नेमतं? राज्य सरकार. बदली कोण करतं? तेच. त्याच 2023 मध्ये उपनगरच्या पालकमंत्र्यांना महापालिकेच्या मुख्यालयातच केबिन मिळाली, त्यावर केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. पडद्यामागे वगैरे काही नाही हो, सगळं समोरच चालू होतं, फक्त गल्लीतल्या नेत्याची सत्ता उचलून मंत्रालयात नेली.

माझं शहर वेगळं, पण आमच्याकडेही प्रशासकच होता. सोसायटीच्या गेटसमोर ड्रेनेजचा चेंबर तुंबला. पूर्वी नगरसेवक (ज्याला आम्ही पाच वर्षं टक्केवारीवाला म्हणून शिव्या घातल्या, आणि त्या चुकीच्या होत्या असं अजिबात नाही) चप्पल घालून अॅक्टिवावर यायचा, तिथूनच ज्युनियर इंजिनियरला स्पीकरवर फोन, संध्याकाळी माणसं हजर. का, तर त्याला परत आमच्याच दारात मतं मागायला यायचं होतं. आता अॅपवर तक्रार केली तर दोन दिवसांनी मेसेज आला, "तक्रार निकाली काढण्यात आली आहे", आणि मेसेज वाचतोय तेव्हा पाणी पार्किंगपर्यंत आलेलं. वॉर्ड ऑफिसला गेलो तर म्हणे फाइल वर आहे. वर म्हणजे कुठे विचारलं तर साहेबाने नुसतं पंख्याकडे बघितलं. आमदाराच्या ऑफिसात लेटरहेडवर पत्र मिळालं, छान होतं पत्र.

म्हणून सगळे सारखे म्हणू नका. ज्याची कॉलर आपल्या हाताला लागते तो चोर आणि ज्याची लागत नाही तो चोर, यात आपल्यासाठी लई फरक आहे.

चेंबर शेवटी अकराव्या दिवशी निघाला. मुकादमाचा नंबर त्या माजी नगरसेवकाकडेच होता.