हौदाशी थांबणारा घोडा

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहते, वय 46, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलगी बी.ए.ला मानसशास्त्र शिकते. तिच्या वहीत वाक्य आहे, ‘निरोगी व्यक्तिमत्त्वासाठी अहम् बळकट हवा.’ आम्ही तर कीर्तनात ऐकत आलो, अहंकार सोडा. खरं काय मानायचं? दुसरं असं, परवा शाळा सुटल्यावर मी एकटीनं मिसळ खाल्ली. सासूबाई पथ्यावर आहेत, त्यांना तिखट चालत नाही. घरी आल्यावर इतकं अपराधी वाटलं की रात्री जेवलेच नाही. मुलगी म्हणते, “आई, तुझा पराहम् फार कडक आहे.” म्हणजे काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, वहीतलं वाक्य बरोबर आहे आणि कीर्तनकारही बरोबर आहेत. घोळ शब्दाचा आहे. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्यानं 1923 साली मनाच्या तीन भागांची मांडणी जर्मनमध्ये केली, तेव्हा त्याचे शब्द अगदी घरगुती होते : ‘ते’, ‘मी’ आणि ‘वरचा मी’. इंग्रजी भाषांतरात त्यांना लॅटिन नावं मिळाली, इड, ईगो, सुपरईगो. आपण संस्कृतकडे गेलो : इदम्, अहम्, पराहम्. मी 31 वर्षं हा विषय शिकवला. दरवर्षी कुणीतरी अहम् या शब्दापुढे ‘गर्व’ असा अर्थ लिहून ठेवायचंच. कीर्तनात सोडायला सांगतात तो ताठा. फ्रॉइडचा अहम् म्हणजे मनातला राबणारा माणूस.

इदम् फक्त मागतं. भूक, राग, वासना, सगळं आत्ताच्या आत्ता. त्याला घड्याळ कळत नाही, बरंवाईट कळत नाही. बाळ वाढतं, जग त्याला ‘थांब’ म्हणू लागतं, आणि इदम्‌मधूनच हळूहळू अहम् घडतो. त्याला धनी तीन : इदम्, पराहम् आणि बाहेरचं जग.

फ्रॉइडनं यासाठी घोडा आणि स्वाराची उपमा दिली. मला ती शिकवावी लागली नाही, मी ती घरात पाहिली होती. माझे वडील स्टेशन ते महाद्वार टांगा हाकायचे. ताकद सगळी घोड्याची. वडील अंगानं किडकिडीत. वाटेतल्या पाण्याच्या हौदाशी आला की आमचा घोडा मान वळवायचाच. दुसरे टांगेवाले अशा वेळी चाबूक ओढायचे. वडील लगाम सैल सोडायचे, त्याला पिऊ द्यायचे आणि मग हाकायचे, उतारू कितीही करवादला तरी. फ्रॉइडनंही हे टिपलं आहे : घोड्याला जिकडे जायचं असतं तिकडेच पुष्कळदा स्वाराला त्याला न्यावं लागतं. बळकट अहम् म्हणजे लगाम सतत ओढून धरणं नव्हे. तहान ओळखायची आणि कुठं थांबायचं ते आपण ठरवायचं.

तुमच्या मिसळीत अहम्‌नं काम चोख केलं. शाळा सुटल्यावर गेलात, स्वतःच्या पैशानं खाल्लीत, सासूबाईंच्या समोर बसून नाही. रात्री उपाशी झोपवलं ते पराहम्‌नं. पाच-सहा वर्षांचं होईतो मूल आईवडिलांचा धाक आत घेतं, तोच पराहम्. पुढे ते समोर नसले तरी तो आवाज थांबत नाही. तो फक्त कृतीची नाही, नुसत्या इच्छेचीही शिक्षा देतो.

फ्रॉइडचं एक निरीक्षण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मुलाचा पराहम् आईवडिलांच्या नमुन्यावर नव्हे, तर आईवडिलांच्या पराहम्‌च्या नमुन्यावर घडतो. म्हणजे आई कितीही मऊ असो, तिच्या आत तिच्या आईचा धाक असेल तर तोच पुढे उतरतो. ‘सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवायचं’ हे तुम्हाला कुणी कधी तोंडानं सांगितलं होतं का, आठवून पाहा. माझ्या आईनं मला कधीच सांगितलं नाही. ती फक्त शेवटी गार भाकरी घेऊन चुलीपाशी बसायची. आजही चार माणसांत पहिला घास उचलताना माझा हात अडखळतो. पराहम्‌चाही बराचसा भाग अबोध, म्हणजे आपला आपल्यालाच न कळणारा, असतो तो असा. ‘अबोध म्हणजे फक्त इदम्’ असं मुलीनं लिहून घेतलं असेल तर तिला तेवढं दुरुस्त करायला सांगा.

हे तीन भाग मेंदूत बोट ठेवून दाखवता येत नाहीत, आणि हा सिद्धांत प्रयोगानं तपासणं अवघड, ही टीका रास्त आहे. तरी स्वतःच्या मनातली भांडणं ओळखायला मला याहून कामाची भाषा सापडलेली नाही. मुलीचं ‘कडक’ हे मात्र निदान समजू नका. जेवण सुटणं वारंवार होत असेल, झोप जात असेल, तर समुपदेशकाला जरूर भेटा.

एरवी पुढच्या शनिवारी मुलीला घेऊन मिसळ खायला जा, वरून कट मागून घ्या. रात्री मात्र जेवा. आणि घास घेताना आतून कोण बोलतं, तुमची आई की आजी, ते मला पत्रानं कळवा.