तिथीची पाऊणपट

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतरच्या मालवणच्या सहलीचं सगळं तुझ्या गळ्यात पडलंय, हे ताईकडून कळलं. तू पाठवलेला तक्ता पाहिला. पहिल्याच दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, डॉल्फिन, स्नॉर्कलिंग आणि देवबागचा संगम! अगं, आम्ही दोघंच गेलो होतो तेव्हाही एवढं जमलं नव्हतं. तुझ्याबरोबर तर चार वर्षांचं शेंडेफळ आहे.

आधी तिकिटं. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. एका तिकिटावर सहाच जण बसतात. दादा, वहिनी, तू आणि तिघं मोठी मुलं असे बरोबर सहा झालात. आई-बाबांचं वेगळं काढ, म्हणजे ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचे बर्थ मागता येतील. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. शेंडेफळ वहिनीच्या कुशीत. सात वर्षांच्याला अर्ध्या तिकिटात बर्थ नाही, रात्रीच्या गाडीला पूर्ण भाडं भर.

आणि तारीख दोनदा बघ. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. शनिवारी जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारचं हवं. मी एकदा रविवारचं तिकीट घेऊन रविवारी रात्री थाटात स्टेशनवर पोचले होते. गाडी आदल्या रात्रीच गेलेली. तुझे काका अजून ते सांगत हसतात.

आता खरं अवघड काम, ती दोन टीनएजर. त्यांना सहलीला ‘न्यायचं’ नाही, कामाला लावायचं. पुढे एकदा सगळे मिळून गेलो, तेव्हा माझा चौदा वर्षांचा पुतण्या दोन दिवस कानात हेडफोन घालून होडीकडे पाठ करून बसला होता. तिसऱ्या दिवशी होडीवाल्या काकांनी त्याला विचारलं, ‘आज तिथी कोणती?’ तो गप्प. मग त्यांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण त्यानंतर पोरगा रोज सकाळी घरमालकांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून सगळ्यांना वेळ सांगायचा. हेडफोन बॅगेत गेले.

तर भरती-ओहोटीचं खातं चौदा वर्षांच्याकडे दे. पाण्यात उतरायचं ते त्याची वेळ आणि तिथल्या जीवरक्षकाचा शब्द, दोन्ही जुळले तरच. ओहोटी लागली की कुणीही कमरेच्या पुढे नाही, दादासुद्धा नाही. सोळा वर्षांच्या पोरीकडे रोजच्या खर्चाची वही आणि एक पूर्ण दिवस तिच्या मर्जीचा. त्या दिवशी तिने नुसतं वाळूत पडून राहायचं ठरवलं तरी तोंड वाकडं करू नकोस.

वेळापत्रक मात्र धाकट्याचं. किल्ला सकाळी लवकर, कारण तटावर सावली नाही. 1664 साली पाया घातला वगैरे थोरल्यांना सांग; धाकट्यांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखव. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, हे कसं, यावर सात वर्षांचा तुला तासभर पिडेल. पिडू दे. दुपारी एक ते चार सगळे खोलीवर.

जेवण सांगताना मुलांपुरतं तिखट वेगळं ठेवा म्हणून आधीच फोन कर. घावणे आणि नारळाचा रस मिळाला तर पोरं तेवढ्यावर राहतील. तरी मेतकूट ने.

गाडीत रात्री हाताशी एक छोटी पिशवी ठेव: शेंडेफळाचे दोन जोड, जुनी चादर, पाणी, थर्मामीटर, ओआरएस, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध. मोठ्या बॅगा साखळीने बांधून बर्थखाली गेल्या की रात्री दोनला त्यातून चड्डी काढता येत नाही. कपडे वाळत घालायला दोरी आणि चिमटेही घे, समुद्रावर ओले कपडे संपत नाहीत.

आरक्षणाच्या दिवशी पावणेआठला फोन करते. आई-बाबांचं तिकीट मी माझ्या लॅपटॉपवरून काढते, तू सहांचं बघ. नावं-वयं आदल्या रात्रीच भरून ठेव.

तुझी,
मावशी