गाडीत अधूनमधून जळल्यासारखा वास येतो, गॅरेजमध्ये मात्र काहीच सापडत नाही. शोधायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोलची, सात वर्षांची. वास कधी येतो, कधी येत नाही, आणि दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून ‘काही नाही साहेब’ म्हणत परत पाठवलं. मी मेकॅनिक नाही, पण हेच सगळं पाच आठवडे भोगलंय आणि त्यात ८,७०० रुपये घालवलेत, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट. धूर दिसला, किंवा वास वायर-प्लास्टिकचा असेल आणि वाढतच चालला असेल, तर शोधत बसू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब उभे राहा आणि ११२ लावा. बॉनेट उचलायचा मोह होतो, तो आवरा. आत धुमसत असलेल्याला हवा मिळाली की ते भडकतं.

आता माझी गाडी. मागच्या गणपतीत आम्ही देवरुखजवळ गावी होतो. आठ दिवस गाडी लाकडांच्या खोपीला टेकून उभी होती, कारण अंगणात मांडव. परत कोल्हापूरला येताना साखरपा सोडून आंबा घाट चढलो आणि वर आल्यावर पहिल्यांदा वास आला. घाट, चार माणसं, डिकीत तांदूळ आणि नारळ. मी लगेच ठरवून टाकलं, क्लच जळतोय. गॅरेजवाल्याला जाऊन तेच सांगितलं, ‘घाटात क्लच जळाल्याचा वास आला’. त्याने दोन वर्षांपासून गाडी बघितलेली, तोही म्हणाला, ‘असेल.’ क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून ८,७००. जुनी प्लेट मागून घेतली तेव्हा कळलं, ती अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होती. आणि चौथ्या दिवशी वास परत हजर.

यात त्याची चूक कमी, माझी जास्त. मी त्याला वास कसा ते सांगितलंच नाही, थेट रोगाचं निदानच सांगितलं. तुम्हीही प्रश्नात फक्त ‘जळल्यासारखा’ एवढंच लिहिलंय. अहो, घरात भात खाली लागला, फोडणी करपली, दूध उतू गेलं की आपण दुसऱ्या खोलीतून बरोबर सांगतो काय जळलं ते. गाडीत बसलो की मात्र सगळ्याला एकच शब्द.

क्लच खरोखर जळतो तेव्हा जाड पुठ्ठा किंवा कागद जळल्यासारखा कडवट वास येतो, आणि तो अर्ध्या क्लचवर खेळवताना येतो. चढावर, ट्रॅफिकमध्ये, रिव्हर्स घेताना. ब्रेकचा वास त्याच्या जवळचा, पण जास्त झोंबणारा. घाट उतरल्यावर तो आला तर फारसं बिघडलेलं नसतं, खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय लावा म्हणजे झालं. पण सपाट रस्त्यावर आला तर थांबून चारही चाकांजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. मागची दोन्ही तापली असतील तर आधी हँडब्रेक बघा (हे माझ्या हातून दोनदा झालंय). तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र मारू नका.

इंजिन ऑइल गळून तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांवर) पडलं की कढईत तेल विसरल्यासारखा वास येतो. जुन्या गाड्यांत टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होतं आणि थेंब थेंब सुटतो, तो खाली जमिनीवर पडायच्या आधीच जळून जातो. म्हणून खाली डाग नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) गळत असेल तर वास गोडसर, काकवी करपल्यासारखा. आमच्याकडे हंगामात खरंच गुऱ्हाळाजवळून जातोय की कूलंट गळतंय हे कळत नाही ते सोडा.

आणि इलेक्ट्रिकचा वास. हा नीट ओळखून ठेवा. कधी सरळ प्लास्टिकचा येतो, पण कधी चक्क सुकट भाजल्यासारखा. होल्डर आणि कनेक्टरचं प्लास्टिक तापलं की असा मासळीसारखा वास येऊ शकतो. माझ्या आतेभावाने हेडलाइटला ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब बसवले होते, वायरिंग तेच जुनं, रिले (जास्तीचा करंट स्विचवरून न नेता बॅटरीवरून थेट देणारा जोड) नाही. रात्रीच्या प्रवासात त्याची बायको म्हणायची डबा उघडलाय का कोणी. उजवीकडच्या बल्बचा होल्डर तपकिरी होऊन वाकला होता. त्यात आधी फ्यूज उडायचा म्हणून कुणीतरी निळा १५ अँपिअरचा काढून हिरवा ३० चा घालून ठेवलेला. फ्यूज वाचला आणि वायर जळायला लागली! बाहेरून हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टिम काहीही बसवलं असेल तर संशय पहिला तिथे.

बरं, वासाला नाव मिळालं तरी तो कधी येतो हे पाहिजेच. मी डॅशबोर्डच्या खणात छोटी वही ठेवली. ‘सकाळी ऑफिस, ७ किमी, नाही.’ ‘पन्हाळा चढून नाक्यावर थांबलो, जोरात.’ ‘पाऊस, कळंब्यापर्यंत, नाही.’ ‘पेट्रोल पंपावर रांगेत, आला, एसी बाहेरच्या हवेवर.’ अकरा नोंदी झाल्यावर दिसलं ते असं: गार गाडीत कधीच नाही, पंधरा-वीस मिनिटांच्या आत कधीच नाही, आणि चालताना नाही, थांबल्यावर. लाइट, ब्लोअर, क्लच, ब्रेक, कशाशीच संबंध नाही.

थांबल्यावरच का? चालत्या गाडीत वारा तो वास मागे नेतो. उभ्या गाडीत तो खालून आणि बॉनेटमधून वर येतो, आणि बाहेरची हवा आत घेणारी जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशीच असते. एसीचं ते गोल बाणाचं बटण दाबून आतलीच हवा फिरवली आणि वास कमी झाला, तर तो बाहेरून येतोय. माझा कमी झाला. म्हणजे सायलेन्सरच्या पाइपाशी काहीतरी. गरम व्हायला वेळ लागणारी आणि थांबल्यावरही गरम राहणारी दुसरी मोठी वस्तू इंजिन सोडलं तर गाडीत नाही. त्या पाइपातच धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच्याजवळ तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातं.

पण कोडं सोडवलं ते आईने. नाक वासाला पटकन सरावतं, रोज त्याच गाडीत बसणाऱ्याला काही वेळाने कळेनासं होतं. आई दिवाळीच्या आधी गावाहून आली. स्टँडवरून तिला घेतलं, वाटेत बाजार केला, पुढे सिग्नलला थांबलो, तर मागच्या सीटवरून म्हणते, ‘इथं बिया कोण भाजतंय रे?’ मी म्हटलं कसल्या बिया. ‘काजूच्या. सोडणं घालून चूल पेटवल्यासारखा वास येतोय.’ (कोकणाबाहेरच्यांसाठी: सोडण म्हणजे नारळाचं बाहेरचं साल, आमचं सरपण.) मी हसलो. कोल्हापुरात, भर सिग्नलला, काजूच्या बिया!

दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पला चढवून घेतली, पूर्ण गार झाल्यावर. तिथल्या पोराने टॉर्च मारला. कन्व्हर्टरच्या मागे पाइपाच्या वर एक पातळ पत्रा असतो, उष्णता फ्लोअरला लागू नये म्हणून. त्या पत्र्याच्या आणि फ्लोअरच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत काथ्या ठासून भरलेला. तारेचा आकडा करून ओढत गेलो तर अर्धी बादली निघाला. पुढचं टोक काळं, बोट लावलं की राख. मध्ये तीन-चार काजूच्या बिया, एकीचं टरफल फुटून त्यातलं तेल पत्र्यावर डांबरासारखं चिकटलेलं. शिवाय माझ्याच पायपुसण्याचा निळा धागा. खोपीतल्या उंदराने आठ दिवसांत घर थाटलं होतं. पेट्रोलची लाइन तिथून वीतभर अंतरावर होती. ती बघितल्यावर मात्र हसू गेलं.

काम फुकटात झालं, पोराला शंभर दिले. नंतर केबिन फिल्टरही (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) काढून बघितला, त्यात आणखी एक बी आणि लेंड्या. तोही बदलला, ३५० रुपये.

तेव्हा आठवडाभर वही ठेवा. घरातल्या एखाद्या तरबेज नाकाला मागे बसवून अर्धा तास फिरवून आणा, आणि त्यांना ‘जळकट येतोय का’ असं विचारू नका, ‘कशाचा येतोय’ विचारा. गॅरेजला जाताना गाडी तापवून, वास येत असताना न्या. सकाळी गार गाडी ठेवून गेलात तर त्यालाही काही मिळणार नाही. आणि कुठलाही पार्ट बदलला तर जुना परत मागा.

तुमच्या प्रश्नात एक माहिती राहिलीय, ती कमेंटमध्ये सांगा: गाडी रात्री कुठे उभी असते?