लॉजिस्टिक्स अभियंत्याने नोकरी सोडून पदवी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१. वितरण केंद्रात सात वर्षे लॉजिस्टिक्स अभियंता. काम रॅकची मांडणी, स्लॉटिंग (कोणता माल कोणत्या कप्प्यात ठेवायचा ते ठरवणे) आणि डॉकच्या, म्हणजे ट्रक भरण्या-उतरवण्याच्या जागेच्या, वेळापत्रकाचे. आता नोकरी सोडून सप्लाय चेन (पुरवठा साखळी) व्यवस्थापनाची दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी घ्यायची आहे. फी १८ महिन्यांच्या पगाराइतकी, ती सगळी कर्जातून, व्याज १० टक्के, फेड ७ वर्षांत. शिल्लक १४ महिन्यांच्या पगाराइतकी आहे आणि घरखर्चाला पगाराचे ६० टक्के लागतात. पदवीनंतर पगार दुप्पट होईल ही अपेक्षा. पाऊल उचलावे का?

आज नको, असे माझे मत आहे. पुढे कधीच नको असे मात्र मी म्हणत नाही. कारणे आकड्यांतच आहेत, म्हणून आधी ते पाहू.

तुमच्या हातात येणारा मासिक पगार १०० धरू. फी झाली १८००. पण हा खर्चाचा लहान भाग आहे. दोन वर्षे पगार बंद राहील. पहिल्या वर्षीचे १२०० आणि आठ टक्के वाढ धरून दुसऱ्या वर्षीचे १२९६, म्हणजे सुमारे २५०० तुम्ही सोडून देणार आहात. तुमच्या पत्रात या रकमेचा उल्लेख नाही. बहुतेकांच्या हिशेबातून ती निसटते, कारण तिची पावती कोणी देत नाही.

आता कर्ज. फी दोन भागांत भरली तर शिकत असताना आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांच्या सवलतीत साध्या दरानेसुद्धा सुमारे ३६० व्याज चढते. फेड सुरू होईल तेव्हा डोक्यावर २१६० असतील. सात वर्षांसाठी हप्ता बसतो ३६, आणि एकूण भरणा जातो ३००० च्या वर.

दोन वर्षांनी, काहीही न करता, तुमचा पगार सुमारे ११७ झाला असता. त्यात ३६ चा हप्ता मिळवा: १५३. म्हणजे पदवीनंतर १५३ पगार मिळाला तर दरमहा हातात जेवढे उरेल तेवढे नोकरी न सोडताही उरले असते. पगार दीडपट झाला, म्हणजे १५०, तर लोक अभिनंदन करतील आणि तुम्ही सात वर्षे दरमहा थोडे तोट्यातच असाल. अपेक्षेप्रमाणे २०० मिळाले तर हप्ता वजा जाता ४७ जास्त उरतात. बुडालेले २५०० भरून यायला त्यातून साडेचार वर्षे लागतात. दोन्ही पगार पुढे सारख्याच टक्क्यांनी वाढले तर हा काळ थोडा कमी होईल, पण चित्र पालटणार नाही.

मला खरी काळजी शिल्लक रकमेची वाटते. १४०० शिल्लक आणि दोन वर्षांचा घरखर्च १४४०. म्हणजे शेवटच्या परीक्षेच्या आधीच खाते रिकामे होईल, आणि नोकरी शोधण्याच्या महिन्यांसाठी हाताशी काहीच उरणार नाही. अशा स्थितीतला उमेदवार पहिली मिळेल ती नोकरी घेतो. मग दुप्पट पगाराची वाट पाहायला वेळ कुठला?

ही दुप्पट पगाराची अपेक्षा कुठून आली तेही तपासा. संस्थेकडून सरासरी घेऊ नका, मध्यक (सगळे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा) मागा; दोन-चार मोठे पगार सरासरी वर ओढतात. प्रवेशाआधी सहा ते आठ वर्षे अनुभव असलेल्यांचे आकडे वेगळे मागा. आणि वर्ष पाहा. २०२१ मध्ये कंटेनर वाहतुकीचे दर प्रचंड चढले होते, २०२३ पर्यंत ते खाली आले. मालवाहतुकीची तेजी असताना बाहेर पडलेल्या तुकडीचे पगार तुमच्या तुकडीला लागू होतील असे धरता येत नाही. तुमच्याइतका अनुभव घेऊन गेलेल्या पाच माजी विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचारा: आज तुमच्या अखत्यारीत कोणता खर्च आहे, आणि तो पदवीमुळे आला का?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. या पेशात पगार ठरतो तो तुमच्या निर्णयाने किती पैसा हलतो त्यावर. स्लॉटिंग सुधारून पिकरचे, म्हणजे कप्प्यांतून माल काढून आणणाऱ्या कामगाराचे, चालणे कमी केले की एका इमारतीचा मजुरीखर्च घटतो. साठा किती आणि कुठे ठेवायचा, गोदामे किती असावीत, कोणता माल कोणत्या मार्गाने न्यायचा, हे निर्णय त्याहून कितीतरी मोठे असतात. तुम्हाला पहिल्या कामातून दुसऱ्यात जायचे आहे. त्यासाठी कर्जाची पदवी हा एक रस्ता आहे आणि तो सर्वांत महाग आहे.

आधी स्वस्त रस्ता १८ महिने वापरून पाहा. आतल्या आत वाहतूक नियोजनात किंवा साठा नियोजनात बदली मागा, पगारवाढ नसली तरी. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) पक्के करा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक मार्गनियोजनाचे आणि एक गोदाम-स्थाननिवडीचे मॉडेल स्वतः बांधा, तेही कंपनीच्या खऱ्या, अस्वच्छ डेटावर, कारण चुकीची वजने, रिकामे पत्ते आणि दुहेरी नोंदी निस्तरण्यातच निम्मे काम असते. असोसिएशन फॉर सप्लाय चेन मॅनेजमेंट ही संस्था, जिला पूर्वी एपिक्स म्हणत, सीएससीपी (संपूर्ण पुरवठा साखळीचे) आणि सीएलटीडी (लॉजिस्टिक्स, वाहतूक आणि वितरणाचे) ही प्रमाणपत्रे देते. तुमच्या अनुभवाला सीएलटीडी जवळचे आहे. नियोजनाकडे वळायचे असेल तर सीएससीपी घ्या. दोन्ही एकदम घेऊ नका. पाच वर्षांत प्रशिक्षणासारख्या उपक्रमांतून ७५ गुण जमवून प्रमाणपत्र टिकवावे लागते, तोही वेळ आणि खर्च धरा.

या काळात एक असे काम करा ज्याचा परिणाम लेखा विभाग मान्य करेल. इथे अभियंते हमखास एक चूक करतात. समजा पुरवठ्याचा कालावधी (मागणी नोंदवल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस) तुम्ही १६ दिवसांवरून ९ वर आणला. सुरक्षा साठा (मागणी अचानक वाढली तर असावा म्हणून ठेवलेला जादा माल) या कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ४ वरून ३, पाव भागाने कमी (कालावधी स्थिर असेल आणि चढउतार फक्त मागणीत असेल तर). ४०० चा साठा ३०० झाला. अर्जात लोक लिहितात, ‘१०० ची बचत’. ती बचत नव्हे. अडकलेला पैसा एकदाच मोकळा झाला. साठा बाळगण्याचा वार्षिक खर्च २० टक्के असेल तर दरवर्षीची बचत २० आहे. दोन्ही आकडे वेगळे लिहा. मुलाखतीला वित्त विभागाचा माणूस बसला असेल तर एवढ्या एका फरकावरून तो तुम्हाला ओळखतो.

पैशांचे म्हणाल तर शिल्लकेतून सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ३६०, वेगळा काढा आणि त्याला हात लावू नका. दरमहा उरणारे ४० साठवत राहा. १८ महिन्यांत ७२० जमतील. कंपनी अर्धवेळ पदवीची फी देत असेल तर करार नीट वाचा. मध्येच नोकरी सोडल्यास परत करायची रक्कम दर महिन्याला घटत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? दुसरी अट असेल तर सही करण्याआधी बदलून मागा.

१८ महिन्यांनी बदली मिळाली नाही, बाहेरच्या मुलाखतींतही पदवीअभावीच अडत आहे असे तीन-चार ठिकाणी दिसले, तर पूर्णवेळ पदवीचा विचार पुन्हा करा. तेव्हा तुमच्याकडे २१२० असतील. दोन वर्षांचा घरखर्च आणि नोकरी शोधण्याचे सहा महिने, मिळून १८००, बाजूला ठेवून ३२० फीकडे वळवता येतील. फी तीच राहिली तर कर्ज १४८० आणि हप्ता ३६ ऐवजी सुमारे ३०. प्रवेश-परीक्षेची तयारी मात्र आतापासूनच सुरू ठेवा. तिला पैसे फारसे लागत नाहीत आणि चांगल्या गुणांवर फीत सवलत मिळाली तर हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.